शंका-समाधान : ब्लॉक केलेला फोन परत येतो कसा?

प्रश्न : आमच्या वाय-फायचा पासवर्ड सोसायटीतल्या निम्म्या पोरांकडे पोचला आहे. राउटरच्या पानावरून मी चार फोन ब्लॉक केले, तर त्यातले दोन वेगळ्याच पत्त्याने पुन्हा हजर. मग ठरावीक उपकरणांनाच परवानगी देणारा पर्याय सुरू केला, तेव्हा घरचेच फोन तुटले. कुठे चुकतंय? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : राउटर फोन ओळखतो तो मॅक अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे बारा अक्षरी पत्त्यावरून. पूर्वी हा पत्ता कारखान्यातून यायचा तसाच राहायचा. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी स्वतः तयार केलेला पत्ता पुढे करतात, मॉल किंवा विमानतळावर कुणी माग काढू नये म्हणून. सेटिंगमधला हा पर्याय बंद केला की फोन मूळ पत्ता सांगतो. तुमची ब्लॉक यादी त्या पत्त्याला ओळखतच नाही, मग अडवणार कशी? पोरांनी बहुधा तेवढंच केलंय.

यादीतला पत्ता तात्पुरता आहे का, हे बघायला डावीकडून दुसरं अक्षर पाहा. तिथे २, ६, ए किंवा ई असेल तर तो फोनने बनवलेला. ‘डीए:३७:…’ असा सुरू होणारा पत्ता म्हणूनच कुठल्या कंपनीचा ते सापडत नाही.

तेव्हा आधी पासवर्ड बदला. मॅक यादी हे कुलूप नव्हे. परवानगी असलेल्या फोनचा पत्ता हवेत उघडाच फिरतो आणि लॅपटॉपवर तो नक्कल करता येतो. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. १५-१६ अक्षरांचा ठेवा. मोबाइल नंबर अजिबात नको. ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडी नंबर जेमतेम ४०० कोटी आहेत आणि जोडणीच्या वेळची देवाणघेवाण कुणी टिपून घेतली, तर चांगलं ग्राफिक्स कार्ड काही तासांत ते सगळे तपासून टाकतं, तुमच्या राउटरला पत्ताही न लागता.

त्याच बैठकीत राउटरच्या पानाचा लॉगिन पासवर्ड बदला (तो अजून ‘अ‍ॅडमिन’च असेल तर पोरांनी यादी तुमच्याआधी पाहिली असेल) आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता, बटण दाबून किंवा पिनने फोन जोडण्याची सोय) बंद करा. डब्ल्यूपीएसचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा निव्वळ पडताळणीचा असतो. त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत तो सापडतो. ही खोट २०११ मध्येच उघड झाली. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क काढा. मुख्य वाय-फायचा क्यूआर कोड कुणाला दाखवू नका, कारण त्यात पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला असतो.

एवढं करूनही परवानगीची यादी हवीच असेल, तर क्रम पाळा. प्रत्येक फोनवर आपल्या वाय-फायपुरता पत्ता स्थिर करा. अँड्रॉइडमध्ये नेटवर्कच्या नावापुढच्या गिअरवर टॅप करून ‘प्रायव्हसी’त ‘यूज डिव्हाइस मॅक’ निवडा. आयफोनवर ‘प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस’ बंद करा. नव्या आवृत्तीत ‘फिक्स्ड’ही चालेल, ‘रोटेटिंग’ मात्र नको. मग राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या पानावरून पत्ते उतरवा. टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा हमखास विसरतात. यादी पूर्ण भरून झाल्यावरच ‘अलाउ’ सुरू करा. तुम्ही ते आधी केलं असावं किंवा यादीत जुने पत्ते राहिले असावेत. काही राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या याद्या वेगळ्या असतात, दोन्ही भरा. स्वतःच बाहेर पडलात तर लॅपटॉप लॅन केबलने जोडा. वाय-फायचा फिल्टर सहसा केबलला लागू नसतो. रिसेटचं बटण शेवटचा उपाय, आणि त्याआधी सेवा कंपनीकडून जोडणीचं युजरनेम-पासवर्ड मागून घ्या, नाहीतर इंटरनेटच जाईल.

प्रश्न : वाय-फायचं नावच लपवलं तर? (एक वाचक, सांगली)

उत्तर : उपयोग नाही. नाव लपवलेलं नेटवर्क शोधताना तुमचा फोन स्वतःच ते नाव पुकारतो, घराबाहेरसुद्धा.

प्रश्न : मुलाच्या फोनचं नेट रात्री दहाला बंद व्हावं म्हणून राउटरवर वेळ लावली. तरी चालू राहतं. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वेळापत्रकही मॅक पत्त्यालाच बांधलेलं असतं, म्हणून वरचीच पळवाट इथे लागू. राउटरमध्ये सोय असेल तर मुलाच्या उपकरणांसाठी वेगळं नाव आणि पासवर्डचं नेटवर्क काढून वेळ त्या अख्ख्या नेटवर्कलाच लावा आणि मुख्य पासवर्ड बदला. राउटरचं घड्याळही तपासा. टाइम झोन चुकला असेल तर भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे चालतं, आणि मग दहाचं बंधन पहाटे साडेतीनला लागतं. सिम कार्डावरचा डेटा मात्र राउटरला रोखता येत नाही. त्यासाठी फोनमध्येच पालक-नियंत्रण लावावं लागेल.