घर बघायचं तर वैशाखात

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

भुसावळचा ब्लॉक भाड्याने द्यायला विकत घेतोस, इसार द्यायचा म्हणतोस. थांब जरा. तू तो पाहिलास दिवाळीच्या सुट्टीत, तेव्हा आपल्या खान्देशात कुठलंही घर गारच लागतं. आता मे महिन्यात दुपारी तीनला जा आणि पंख्याखाली अर्धा तास बस. वरचा मजला, डोक्यावर उघडी गच्ची, पश्चिमेची भिंत. पारा ४५ ला टेकला की भाडेकरू दुसरी खोली शोधायला लागतो. नळाला किती दिवसांआड पाणी येतं, हेही शेजारच्या वहिनींना विचार. एजंट सांगणार नाही.

सर्च रिपोर्ट, म्हणजे घर आधी कुणाकुणाच्या नावावर होतं आणि त्यावर बोजा आहे का याचा शोध, ३० वर्षांचा काढ. एनए (जमीन बिनशेती असल्याचा कागद), मालमत्ता पत्रक, घरपट्टीची बाकी वकील बघेल.

रंग सगळ्यात शेवटी. आधी गच्चीवर बादलीभर पाणी ओत आणि कुठं थबकतं ते बघ; तिथला ढाळ चुकलाय. माझ्या जळगावच्या खोलीत खिडकीखालची भिंत दोनदा रंगवली, दोन्हीदा उन्हाळ्यात पोपडे. दोष बिचाऱ्या रंगाला देत होतो. मिस्त्रीने कूलरखाली हात घातला तर ओला! टाकी ठिबकत होती. मग खिडकीबाहेर अँगलचं स्टँड ठोकलं, पाण्याला पाइप दिला. ओट्याला ग्रॅनाइट नको, कडप्पा पुरे.

आता माझी फजिती. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असं जो तो सांगतो. मीही स्टॅम्पवर नोटरी करून मोकळा झालो. भाडेकरू निघताना म्हणाला, डिपॉझिट तीस हजार दिलं होतं. घेतले होते दहा, तेही रोख. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या. मुकाट वीस हजार पदरचे घातले. तुझी मामी अजून ऐकवते.

हिशोब दहा महिन्यांच्याच भाड्यावर मांड, घर मधेमधे रिकामं राहतंच. घरपट्टी भरून पावती जप: आयकरात ती भाड्यातून वजा होते, आणि उरलेल्याच्या ३० टक्के वजावट दुरुस्तीची बिलं नसली तरी मिळते.

इसार चेकनेच दे. मेमध्ये निघालास की फोन कर, मीही येतो. गच्चीवर चपला काढून उभं राहून बघायचंय.

तुझा,
मामा