रुंद छपाई आणि रिप: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : फोटोशॉपमधून थेट प्रिंट देता येत असताना रिप सॉफ्टवेअर (फाइलचे प्रिंटरच्या ठिपक्यांत रूपांतर करणारा प्रोग्राम) घ्यायलाच हवे का? घेतले तर बसवताना कोणता क्रम पाळावा?

कारखान्याचा ठरावीक कागद आणि ठरावीक शाई वापरून फक्त छायाचित्रे छापायची असतील, तर प्रिंटरचा ड्रायव्हर पुरतो. रिपवर खर्च करू नका. फ्लेक्स, व्हिनाइल, कॅनव्हास, बॅकलिट असे वेगवेगळे माल एकाच मशिनवर चढू लागले की ड्रायव्हर कमी पडतो. दर मालाला शाई किती द्यायची, एकाच रुंदीत चार लहान कामे कशी बसवायची, मोठे चित्र पट्ट्यांत कसे तोडायचे, हे ठरवण्याची सोय त्यात नसते किंवा तोकडी असते.

बसवताना आधी सॉफ्टवेअर, मग संगणक बंद करून चालू, आणि शेवटी डाँगल (परवान्याची यूएसबी चावी), हा बहुतेक रिपचा क्रम आहे. पुस्तिकेत उलटे लिहिले असेल तर पुस्तिकेचे ऐका. डाँगल आधी खोचला की विंडोज स्वतःचाच एखादा ड्रायव्हर लावते आणि मग परवाना सापडत नसल्याचा संदेश येत राहतो. डाँगल यूएसबी हबवर नको, थेट मदरबोर्डच्या पोर्टवर लावा.

प्रिंटर नेटवर्कवर असेल तर त्याला कायमचा आयपी पत्ता द्या. संगणक १९२.१६८.१.२० वर असेल तर प्रिंटर १९२.१६८.१.५० आणि दोन्हींचा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. पत्ता राउटरच्या मर्जीवर सोडला तर एखाद्या सकाळी तो बदलतो आणि रिपला प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो. पिंगला (प्रिंटर जोडलेला आहे का ते पाहणाऱ्या संदेशाला) उत्तर येते पण काम जात नाही, अशा वेळी फायरवॉल पाहा. बरेच प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर माहिती घेतात आणि नेमका तोच अडवलेला असतो.

प्रश्न : मोठे काम छापताना मशिन अधूनमधून थांबते, दोन-तीन सेकंदांनी पुन्हा चालते. थांबल्या जागी गडद रेघ उमटते. प्रिंटरमध्ये दोष आहे का?

बहुधा नाही. माहिती वेळेवर पोचत नाही. ३ मीटर बाय १.५ मीटरचे काम ७२० बाय १४४० डीपीआयवर (इंचाला इतके ठिपके) लावले की ठिपक्यांची संख्या सुमारे ७२३ कोटी होते. चार शाया आणि प्रत्येक ठिपक्याला दोन बिट धरले तर सात जीबीहून जास्त माहिती प्रिंटरकडे जायची असते. दाबून पाठवली नाही, तर १०० एमबीपीएसच्या जोडणीवर तिला जवळपास दहा मिनिटे लागतात, गिगाबिटवर एक मिनिट. जुना स्विच किंवा एक तार तुटलेली केबल असेल तर गिगाबिटचे कार्डही मुकाट्याने १०० वर उतरते. तेव्हा जोडणीचा वेग आधी तपासा.

यूएसबी असेल तर केबल ५ मीटरपेक्षा लांब नको, आणि दोन केबली जोडून तर मुळीच नको. रिपचे तात्पुरते फोल्डर एसएसडीवर हलवा आणि तिथे निदान १०० जीबी मोकळे ठेवा. अँटिव्हायरसला ते फोल्डर सोडून द्यायला सांगा, नाहीतर तो प्रत्येक तयार होणारी फाइल उघडून बघत बसतो. संगणकाची झोप आणि यूएसबीची वीजबचत बंद करा. एवढे करूनही थांबत असेल तर 'रिप होता होता छापा' हा पर्याय काढून 'पूर्ण रिप झाल्यावर छापा' ठेवा. सुरुवात उशिरा होते, पण मध्ये शाई सोडणारे हेड अडकून राहत नाही. ती गडद रेघ त्या थांबण्याचीच आहे: आधीच्या पासची (हेडच्या एका फेरीची) शाई एव्हाना सुकलेली असते आणि पुढचा पास तिच्यावर वेगळा बसतो.

प्रश्न : ६ बाय ३ मीटरच्या फलकासाठी ग्राहक ३०० डीपीआयची फाइल मागतात. फोटोशॉप गुदमरते. काय करावे?

ग्राहकाला नम्रपणे नाही म्हणावे. ३०० डीपीआयवर हे चित्र ७०,८६६ बाय ३५,४३३ पिक्सेल होते आणि चार रंगांत त्याचे वजन १० जीबी भरते. ७२ डीपीआयवर तेच काम ५८० एमबीच्या आत बसते.

किती पुरे हे अंतरावर ठरते. साधारण दृष्टीचा डोळा एका मिनिटाच्या कोनाइतके तपशील वेगळे ओळखतो. त्यावरून हिशेब असा निघतो: ८७ ला पाहण्याच्या अंतराने, मीटरमध्ये, भागा. तीन मीटरवरून पाहायचे असेल तर २९ पिक्सेल प्रति इंच ही किमान गरज. आम्ही त्याच्या दुप्पट धरतो, कारण लोक जवळही येतात. म्हणजे रस्त्यावरच्या फलकाला ७२ सढळ आहे. दुकानातल्या, हाताच्या अंतरावरून पाहायच्या पोस्टरला मात्र १५० ते २०० ठेवा. लहान अक्षरे कुठल्याही कामात व्हेक्टरच हवीत. ती पिक्सेलमध्ये बदललीत तर हा हिशेब कोसळतो.

फाइलचा प्रकारही पाहून घ्या. पीएसडी एका बाजूला ३०,००० पिक्सेलवर थांबते, पुढे पीएसबी लागते. जेपेग ६५,५३५ वर थांबते. साधी टिफ ४ जीबीच्या पुढे जात नाही. जुन्या पद्धतीच्या पीडीएफ पानाची कमाल बाजू २०० इंच, म्हणजे ५.०८ मीटर. तुमचा ६ मीटरचा फलक त्यात मावत नाही, म्हणून १:१० मापात बनवा आणि रिपमध्ये १००० टक्के द्या. मात्र तेव्हा चित्राचे डीपीआय दहापट ठेवायचे: मूळ मापात ७२ हवे तर लहान फाइलमध्ये ७२०. हे विसरले की चौकटी फुटलेला फलक हाती येतो आणि दोष रिपला दिला जातो.

प्रश्न : नवीन व्हिनाइल आणले. जुन्याच प्रोफाइलने छापले तर गडद भाग ओले राहतात आणि त्वचेचा रंग लालसर येतो. प्रोफाइल स्वतः बनवायची असेल तर पायऱ्या काय?

पायऱ्या सांगतोच, पण त्यांचा क्रम मोडला तर शेवटची पायरी कितीही काळजीपूर्वक करा, उपयोग नाही. प्रोफाइल ही मशिन, शाई आणि माल मिळून रंग कसा उमटतो याची फक्त नोंद असते. आधीच्या पायऱ्यांत मशिन जसे लावाल तसे ती टिपून घेते.

पहिल्यांदा मशिन. नोझल चेक (सगळ्या छिद्रांतून शाई येते का याची चाचणी) पूर्ण हवा, हेडची उंची त्या मालाला योग्य हवी, दोन दिशांची जुळणी आणि फीड (माल पुढे सरकण्याचे माप) नीट केलेले हवे. इको-सॉल्व्हंट शाईला व्हिनाइलवर हीटर साधारण ३५ ते ४५ अंश सेल्सिअसवर असतो. कमी पडला तर शाईचे थेंब एकमेकांत मिसळून सपाट रंगात चट्टे येतात, जास्त झाला तर पातळ व्हिनाइल फुगते आणि हेडला घासते. पासची संख्या आणि डीपीआय इथेच ठरवा. प्रोफाइल त्या जोडीपुरतीच खरी असते. ६ पासवर बनवलेली ४ पासला वापरणे हे चुकीचे रंग येण्याचे फार मोठे कारण आहे.

दुसरी पायरी, प्रत्येक शाईची वेगळी मर्यादा. ० ते १०० टक्क्यांची पट्टी ५-५ टक्क्यांनी छापा. एका जागेनंतर रंग गडद होणे थांबते, किंवा त्याची जात बदलू लागते: सायन जांभळटाकडे झुकतो, मॅजेंटा लालाकडे. त्वचा लालसर येण्यामागे बरेचदा हाच सुटलेला मॅजेंटा असतो. वळण घेण्याच्या थोडे आधी मर्यादा बांधा. इथे हात राखून ठेवू नका असे पुष्कळांना वाटते, पण जास्त शाईने रंग खुलत नाही, फक्त शाई संपते आणि माल वाळत नाही.

तिसरी, लिनिअरायझेशन. ठिपका पसरतो म्हणून ५० टक्के मागितले तर डोळ्याला ६५-७० दिसतात. स्पेक्ट्रोफोटोमीटरने (रंग मोजणाऱ्या यंत्राने) पट्ट्या मोजून रिप ही वक्ररेषा सरळ करते. हेड बदलला, शाईची कंपनी तीच पण खेप वेगळी आली, मालाचा रोल बदलला आणि फरक दिसला, तर आधी हीच पायरी पुन्हा करा. दहांतल्या बहुतेक वेळी नवी प्रोफाइल लागत नाही.

चौथी, एकूण शाई. चार शाया मिळून जास्तीत जास्त ४०० टक्के होतात आणि एवढी शाई व्हिनाइल पेलत नाही. ४०० पासून २०० पर्यंत उतरती पट्टी छापा, सुकू द्या, बोट फिरवा. कडा फुटत नाहीत, चट्टे नाहीत, बोटाला लागत नाही अशा पहिल्या चौकोनाच्या एक पायरी खाली थांबा. न शोषणाऱ्या मालावर हा आकडा बहुधा २२० ते ३०० च्या दरम्यान येतो. ओल्या गडद भागांचे उत्तर इथे आहे. ही मर्यादा रिपमध्ये आणि प्रोफाइल बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये अशी दोन्हीकडे घट्ट बांधली तर काळा रंग राखी दिसू लागतो.

मग शेवटी प्रोफाइलचा चार्ट, म्हणजे मोजायच्या रंगांच्या चौकोनांचा तक्ता. तो छापताना रंग-व्यवस्थापन बंद असायला हवे. रिपच्या स्वतःच्या विझार्डमध्ये ते आपोआप होते, बाहेरच्या प्रोग्रामचा चार्ट आणला तर तुम्हाला बंद करावे लागते. माप १०० टक्केच ठेवा. सॉल्व्हंटचा चार्ट ताजा मोजू नका, किमान तासभर थांबा, शक्यतो दुसऱ्या दिवशी मोजा. मोजताना खाली पांढरा कागद घ्या, नाहीतर पातळ मालातून टेबलाचा रंग आत येतो.

प्रश्न : प्रोफाइल चांगली आहे, तरी मॉनिटरवरचा रंग येत नाही. आणि काळी अक्षरे चार रंगांत छापली जाऊन कडा रंगीत दिसतात.

रंग एकदाच बदलला जावा. फोटोशॉपमधून प्रिंटरच्या प्रोफाइलमध्ये बदलून दिला आणि रिपनेही पुन्हा बदलला तर तो दोनदा भाजला जातो. फाइल तिच्या मूळ प्रोफाइलसह द्या, रिपमध्ये आतली प्रोफाइल मानण्याचा पर्याय लावा, बाकीचे रिपला करू द्या. रंग बदलण्याची पद्धत (रेंडरिंग इंटेंट) अशी निवडा: छायाचित्रांना 'पर्सेप्च्युअल' किंवा ब्लॅक पॉइंट भरपाईसह 'रिलेटिव्ह', लोगो आणि सपाट रंगांना 'रिलेटिव्ह'. 'अ‍ॅब्सोल्यूट' फक्त दुसऱ्या मशिनची नक्कल करताना, कारण त्यात मूळ कागदाचा पिवळेपणाही छापला जातो.

अक्षरे आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) काळी असतील तर ती चार शायांत जाणारच. ती सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) फक्त १०० टक्के काळी करा आणि रिपमधला 'शुद्ध काळा राखा' हा पर्याय लावा. मॉनिटर कॅलिब्रेट केलेला नसेल तर त्याच्याशी तुलना सोडून द्या.

प्रश्न : समान अंतरावर आडव्या रेघा येतात. शिवाय १ मीटरची पट्टी ९९७ मिलिमीटर भरते. फीड वाढवून दोन्ही सुटेल?

या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि एकाच चावीने सोडवायला गेलात तर दोन्ही बिघडतात. आधी रेघा. त्या गडद असतील तर माल कमी सरकतो आणि पास एकमेकांवर चढतात, पांढऱ्या असतील तर जास्त सरकतो. एकाच रंगात रेघ असेल तर फीडला हात लावू नका, ते नोझल आहे. रेघा जाईपर्यंत फीड लहान टप्प्यांनी बदला आणि तिथेच थांबा.

मग माप. छापलेला माल थंड होऊ द्या, ताण काढा, पोलादी पट्टीने मोजा. अजून ९९७ भरत असेल तर १००० भागिले ९९७, म्हणजे १.००३. रिपमध्ये लांबीच्या दिशेला १००.३ टक्के द्या. ३ मीटरच्या कामात नऊ मिलिमीटरचा फरक पडतो, तो भिंतीवर लपत नाही. फ्लेक्सला टेक-अप (छापलेला माल गुंडाळणारा भाग) जोरात ओढत असेल तर हा आकडा रोलच्या सुरुवातीला आणि शेवटाला वेगळा येतो, तेव्हा आधी ताण सारखा करा.

प्रश्न : ४ मीटर रुंद भिंतीसाठी १३५० मिलिमीटर छापता येणारा रोल आहे. पॅनेल कसे पाडावेत? जोडावर रंग वेगळा दिसतो.

तीन पॅनेल आणि १५ मिलिमीटरचे दोन चढ (एकावर एक येणारे भाग) धरले तर ४०२० मिलिमीटर मिळतात. कागदावर पुरतात, भिंतीवर नाही, कारण भिंती काटकोनात नसतात. दोन्ही बाजूंना ५०-५० मिलिमीटर जास्तीचे धरा: एकूण ४१००. आता चार पॅनेल लागतात. तीन पूर्ण रुंदीचे आणि एक चिंचोळा असे पाडू नका, चारही सुमारे १०३६ मिलिमीटरचे करा. चिंचोळी पट्टी लावताना वाकते. जोड चेहऱ्यावर किंवा अक्षरावर येत असेल तर रिपच्या टायलिंगमध्ये (पॅनेल पाडण्याच्या सोयीत) रेषा हाताने सरकवा.

रंगाच्या फरकाचे कारण असे: पहिल्या पॅनेलची उजवी कड आणि दुसऱ्याची डावी कड भिंतीवर शेजारी येतात, पण मशिनमध्ये त्या दोन टोकांना छापल्या जातात. मशिन डावीकडून उजवीकडे जरा फिकट होत असेल तर तो फरक नेमका जोडावर भेटतो. एक सोडून एक पॅनेल १८० अंशांनी उलटा छापा, म्हणजे भेटणाऱ्या कडा मशिनच्या एकाच बाजूला येतील. पोत असलेल्या कागदावर हे चालत नाही. सगळे पॅनेल एकाच रोलवर, एका दमात छापा.

प्रश्न : स्टिकरची कापण्याची रेषा कापली न जाता छापली जाते.

कापण्याच्या रेषेला दिलेल्या स्पॉट रंगाचे (नाव देऊन बनवलेल्या स्वतंत्र रंगाचे) नाव रिपला हवे तसे नाही. पुष्कळ रिपना 'कटकाँटूर' हे नाव इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता आणि दोन्ही शब्दांची पहिली अक्षरे मोठी करून लागते. तुमच्या रिपच्या पुस्तिकेतून ते नाव तसेच उचला. रेषेला फक्त स्ट्रोक हवा, भरण नको, ओव्हरप्रिंट लावलेले हवे, आणि चित्र रेषेच्या बाहेर २-३ मिलिमीटर गेलेले हवे. सॉल्व्हंट छपाई चोवीस तास सुकल्यावरच लॅमिनेशन आणि मग कटिंग करा. ओल्या व्हिनाइलच्या कडा कापल्यावर गुंडाळतात.