साध्या खोक्याला पेटंट मिळेल का?

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत माझा पुठ्ठ्याचे खोके बनवण्याचा छोटा कारखाना आहे. द्राक्षांच्या पाच किलोच्या खोक्याला हवेची भोकं पाडताना मी पुठ्ठा कापून टाकत नाही, उभी पट्टी तीन बाजूंनी कापून आत दुमडतो. पनेट (द्राक्षांचे छोटे डबे) भिंतीला चिकटत नाहीत, गार हवा खेळते आणि थप्पीत खोका दबतही नाही. लोक म्हणतात, हे तर कुणालाही सुचलं असतं. पेटंट मिळेल? गेल्या हंगामात पिंपळगावच्या एका पॅकहाऊसला (द्राक्षं निवडून भरण्याच्या केंद्राला) काही खोके वापरून पाहायला दिले होते.

उत्तर : लोकांच्या बोलण्यावर अर्ज सोडू नका. वस्तू डोळ्यांसमोर आली की ती सोपीच वाटते. कायदा वेगळं विचारतो : तुमच्या धंद्यातल्या जाणकाराला, आधीची सगळी माहिती हाताशी असताना, हीच वाट सहज सुचली असती का?

१९७० च्या पेटंट कायद्यानुसार शोधात तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व हवं, आणि त्याशिवाय तो जाणकाराला उघड वाटणारा नसावा. नुसता खर्च वाचतो म्हणून भागत नाही. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये भांडी लेथवर धरण्याच्या साधनाचं पेटंट रद्द ठरवलं. ती कारखान्यात होणारी नेहमीची सुधारणा होती. तुमच्यावर हाच आक्षेप येईल. दुसरा येईल कलम ३ चा : माहीत असलेल्या गोष्टी नुसत्या शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करते, तर तो शोध नव्हे.

तुमची बाजू मला इथेच भक्कम वाटते. भोक मोठं केलं की खोका कमजोर होतो, हे तुमच्या धंद्यात सगळे जाणतात. तुमच्याकडे भोक पाडणारी पट्टीच आतून टेकू देते. एकाच घडीने दोन्ही अडचणी सुटत असतील, तर ती नुसती मांडामांड नाही. मात्र हे आकड्यांनी दाखवा. साधा खोका आणि तुमचा खोका यांची दाब-चाचणी आणि प्रीकूलिंगला, म्हणजे भरलेला माल गार करायला, लागणारा वेळ, दोन्ही मोजून घ्या. आणि आधी शोध घ्या : जगात कुठेही अशी घडी छापून आली असेल, तर विषय तिथेच संपतो. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर भारतीय अर्ज फुकट पाहता येतात.

मला खरी काळजी त्या पॅकहाऊसची वाटते. जाहीर वापराने नावीन्य जातं. गरजेपुरत्या चाचणीला कायदा सवलत देतो, पण अर्जाआधीच्या एका वर्षातल्याच. म्हणून खोके दिल्याची तारीख आजच चलनावर पाहा. ते विकले होते की चाचणीलाच दिले, गुप्ततेची काही लेखी बोली होती का, हेही तपासा.

वर्ष उलटलं नसेल तर पेटंटच्या मुंबई कार्यालयात तात्पुरतं विवरण, म्हणजे शोधाचं प्राथमिक वर्णन, दाखल करा. पूर्ण विवरणाला त्यापुढे १२ महिने मिळतात. ऑक्टोबर छाटणी झाली की खरेदीदार नमुने मागू लागतील. अर्ज क्रमांक हातात येईपर्यंत एकही खोका बाहेर देऊ नका.