डिसेंबरात गॅरेजची फरशी ओली झाली की

या सदरात एरवी कुंडीतल्या कढीपत्त्यापासून घराच्या विम्यापर्यंत काहीही येतं. गेल्या अंकात मी सहज लिहून गेले, की हिवाळ्यात काही रात्री मी रडार बघत जागते. झालं, या खेपेचं सगळं टपाल त्यावरच आहे. मी हवामानशास्त्रज्ञ नाही. अलाबामात हंट्सव्हिलजवळ राहते, हिशेबाची कामं करते. वादळं ओळखायचा सरकारी हवामान खात्याचा फुकट वर्ग केलाय, तेवढंच माझं शिक्षण. नाद लागला तो एप्रिल 2011 मध्ये. त्या 27 तारखेला अलाबामात एका दिवसात 62 टोर्नेडो झाले. विजेच्या मोठ्या वाहिन्याच कोसळल्या आणि आम्ही कितीतरी दिवस अंधारात काढले. वादळाच्या आत काय चाललंय ते आपल्याला कळायला हवं, असं तेव्हा मनात बसलं ते बसलंच.

नॅशव्हिलहून एक आई लिहितात: मुलाकडे चार महिन्यांसाठी आले आहे. परवा त्याच्या फोनवर ‘टोर्नेडो वॉच’ आला. मुलगा म्हणाला, "आई, इथे असंच असतं," आणि जेवायला बसला. टोर्नेडो म्हणजे मे महिना आणि कॅन्ससची सपाट मैदानं, अशी माझी समजूत. स्वेटरच्या दिवसांत हे कुठून आलं?

तुमची समजूत चूक नाही, अर्धी आहे. मैदानी राज्यांत भर वसंतातच असतो. पण टेनेसी, अलाबामा, मिसिसिपी या पट्ट्यात नोव्हेंबरपासून दुसरा हंगाम लागतो आणि थंडीभर अधूनमधून डोकं वर काढतो. 2008 च्या फेब्रुवारीत, ‘सुपर ट्यूसडे’च्या मतदानाच्या दिवशी आणि त्या रात्री, 57 माणसं गेली, त्यातली सर्वांत जास्त तुमच्या टेनेसीत. आणि 9 डिसेंबर 2023 ला क्लार्क्सव्हिलमध्ये घरं पडली, ते तर तुमच्यापासून तासाभरावर.

कारण थंडीतच आहे. हिवाळ्यात जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा तो वेगवान वारा, दक्षिणेकडे सरकून आमच्या डोक्यावर येतो. जमिनीजवळ दक्षिणेचा वारा, वर जावं तसा तो नैर्ऋत्येचा, पश्चिमेचा आणि दुप्पट-तिप्पट जोराचा. वळणारा आणि वाढणारा असा वारा वादळाला पीळ देतो. मे महिन्यात हा पीळ शोधावा लागतो, डिसेंबरात तो जवळजवळ प्रत्येक मोठ्या थंड लाटेच्या पुढे तयारच असतो. कमी असते ती फक्त ओल. मेक्सिकोचं आखात मात्र डिसेंबरातही कोमट असतं, आणि दक्षिणेचा वारा जोराचा सुटला की ती ओल एका रात्रीत टेनेसीपर्यंत येते.

ती आली हे कळायला यंत्र लागत नाही. आमच्या गॅरेजची सिमेंटची फरशी आठवडाभराच्या थंडीने गार पडलेली असते. ओली, उबदार हवा आत शिरली की त्या फरशीला घाम फुटतो. आधी कडेला, मग गाडीखाली, आणि थोड्या वेळात चपलेचा ठसा उमटतो. खिडकीच्या काचा बाहेरून धुरकटतात. डिसेंबरच्या संध्याकाळी बिनस्वेटरची कचरा टाकायला गेले आणि परत येताना फरशीवर पाय घसरला, की मी स्वयंपाक लवकर उरकते.

आता मुलासाठी एक. वॉच म्हणजे पुढचे काही तास, मोठ्या भागात, टोर्नेडो होण्याजोगी हवा आहे. तो ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावातलं वादळ-अंदाज केंद्र काढतं. वॉर्निंग स्थानिक हवामान कार्यालय काढतं, नकाशावर एका लहान चौकोनापुरतं, आणि त्याचा अर्थ आत्ता, या क्षणी. वॉच आल्यावर मुलगा जेवला याला माझी हरकत नाही. जेवता जेवता त्याने फोनचा आवाज बंद केला होता का, एवढं विचारा. हिवाळी वादळाला दुपारच्या उन्हाची गरज नसते. थंड लाट रात्री दोनला आली तर तेही रात्री दोनलाच येतं, ताशी 50-60 मैलांनी पळतं, आणि टेकड्या, झाडं नि अंधारात डोळ्यांना काही दिसत नाही.

जॉर्जियातून एक विद्यार्थी: ताई, मला पण हा नाद लागलाय. पण परवा संगणकाच्या अंदाज-मॉडेलवर केप जेमतेम 400 होतं. उन्हाळ्यात रोज 3000 असतं नि काही होत नाही. मग धोक्याच्या नकाशावर नारिंगी रंग कशाला भरला? तुम्ही लोक आठवडाभर आधीपासून नक्की बघता काय?

केप म्हणजे वर चढणाऱ्या हवेला मिळणारी ऊर्जा, हे तुला माहीत आहे, इतरांसाठी सांगते. नव्याने या नादाला लागलेला जो तो आधी केपच्या प्रेमात पडतो, मीही पडले होते. हिवाळ्यात त्या आकड्यावर विसंबू नकोस. केप 500 च्या आत आणि जमिनीपासून 6 किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्यात 35 नॉटपेक्षा जास्त फरक, अशा हवेला अभ्यासकांनी वेगळं नावच दिलंय: ‘जास्त शिअर, कमी केप’. शिअर म्हणजे हाच वाऱ्यातला फरक. आपल्या आग्नेय राज्यांची ही थंडीतली खासियत. उन्हाळ्यातलं 3000 केपचं वादळ म्हणजे भरल्या पोटी डुलकी घेणारा पहिलवान. वारा नसतो, त्यामुळे ते जिथे उभं राहतं तिथेच अर्ध्या तासात स्वतःच्या पावसाने विझतं. 400 केपचं डिसेंबरचं वादळ किडकिडीत असतं, पण त्याला वाऱ्याने पीळ दिलेला असतो.

आता आठवडा. सहा-सात दिवस आधी फक्त एक गोष्ट बघायची: पश्चिमेकडून मोठी द्रोणी, म्हणजे उंचावरच्या वाऱ्यातला खोलगट बाक, येतेय का, आणि अमेरिकन व युरोपियन मॉडेल तिच्या वेळेबद्दल सहमत आहेत का. हिवाळी यंत्रणा अवाढव्य असल्याने त्या लवकर दिसतात. त्या वेळी नॉर्मनच्या नकाशावर बहुधा काहीच रंगवलेलं नसतं, खाली ‘अंदाज बांधणं कठीण’ अशा अर्थाची ओळ असते. ती ओळ प्रामाणिक आहे, तिच्यावर चिडू नकोस.

तीन दिवसांवर आलं की मी मॉडेल बाजूला ठेवते आणि दवबिंदू, म्हणजे हवेतल्या ओलीचं माप, बघायला लागते. आधी आखातातल्या तरंगत्या बोयांवर, मग किनाऱ्यावर लेक चार्ल्सला, मग जॅक्सनला, मग टुपेलोला. 60 अंश फॅरनहाइटचा दवबिंदू उत्तरेला किती सरकतोय ते वहीत पेन्सिलीने लिहिते. मॉडेल जे दुपारी तीनला म्हणत होतं ते खरोखर आलं की उशिरा, यावर अर्धा निकाल लागतो.

शेवटच्या दिवशी फुगे. हवामान फुगे रोज दोनदाच जातात, आपल्या पहाटे आणि संध्याकाळी. ज्या दिवशी दुपारी जादा फुगा सोडतात त्या दिवशी तज्ज्ञांनाही झोप नाही असं समज. मग दर तासाला येणारं एचआरआरआर मॉडेल. आणि नॉर्मनचा त्या दिवसाचा नकाशा: आपल्या मध्यवर्ती वेळेने हिवाळ्यात मध्यरात्री, सकाळी 7, साडेदहा, दुपारी 2 आणि संध्याकाळी 7. तू जॉर्जियात आहेस, तुला एक तास पुढे.

रंगांबद्दल माझी जुनी तक्रार. पातळ्या पाच: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट, हाय. ‘मॉडरेट’ म्हणजे मध्यम असं वाटून माणूस निवांत होतो, आणि ती तर वरून दुसरी! तशीच नकाशावरच्या टोर्नेडोच्या टक्क्यांची गोष्ट. 10 टक्के म्हणजे तू जिथे उभा आहेस तिथून 25 मैलांच्या आत टोर्नेडो होण्याची शक्यता. एरवी डिसेंबरच्या कुठल्याही दिवशी ती एक टक्क्याच्याही खालीच असते. त्या हिशेबाने 10 हा आकडा छातीत धडकी भरवणारा आहे.

आणि मॉडेलचा नकाशा आठवडाभर आधी कोणाला पाठवू नकोस. मी पाठवला होता. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या सहा दिवस आधी, आमच्या मंडळाच्या ग्रुपवर, लाल गोल काढून. पाच घरांनी यायचं रद्द केलं. त्या दिवशी सकाळी किनाऱ्यावरच वादळांची रांग उभी राहिली आणि आखाताची ओल तिथेच खाऊन टाकली. हिवाळ्यात अंदाज फसायचं हे अगदी नेहमीचं कारण. आमच्याकडे दिवसभर धुकं, भुरभुर आणि उरलेले तिळगूळ. ‘वादळवाल्या बाई’ हे नाव मला तेव्हाच पडलं. आता मी आदल्या रात्रीपर्यंत गप्प असते.

एका वाचकाने नाव न देता लिहिलंय: लोकांची घरं पडतात आणि तुम्ही स्क्रीनसमोर बसून ‘काय सुंदर वादळ’ म्हणता. लाज वाटत नाही?

वाटते. कधी वाटली ते सांगते.

10 डिसेंबर 2021, शुक्रवार. आमच्यावरून वादळांची रेषा उशिरा जाणार होती, म्हणून मी पश्चिमेचं बघत होते. आर्कान्सातून एक एकटं वादळ निघालं होतं, आणि रात्र झाली तरी मोडत नव्हतं. टेनेसीचा कोपरा ओलांडून केंटकीत शिरलं तेव्हा पदुकाच्या रडारवर त्याचा आकडा, म्हणजे पावसाला येणारं ते गळासारखं वळण, इतका रेखीव होता की आमच्या चार-पाच जणांच्या ग्रुपवर मी लिहायला घेतलं, "काय सुंदर हुक आहे". अक्षरं तशीच ठेवून मी रडारचं दुसरं पान उघडलं. त्या पानावर हवेतले कण एकमेकांसारखे आहेत का ते दिसतं. पाऊस सगळा सारखा, म्हणून तो गडद लाल. लाकूड, पत्रे, कापूस, कागद असं काहीबाही उडत असेल तर तिथे निळा डाग पडतो. वळणाच्या टोकाशी निळा डाग होता. मी नकाशावर गावांची नावं चालू केली. डागाखाली ‘मेफिल्ड’ असं आलं. साडेनऊ वाजत आले होते.

मी ते वाक्य खोडलं. दुसरं काही सुचेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. नवरा मागे उभा होता, त्याने विचारलं, "हे निळं काय?" मी म्हटलं, "घरं."

त्या एका टोर्नेडोत 57 माणसं गेली. तो जमिनीवर सुमारे 165 मैल चालला, जवळजवळ तीन तास. डॉसन स्प्रिंग्ज गावातल्या एका घरातला 1942 सालचा फोटो सुमारे 130 मैलांवर, इंडियानातल्या न्यू अल्बनीत, उभ्या गाडीच्या काचेला चिकटलेला सापडला.

तुमचा आरोप मी पूर्ण फेटाळत नाही. या नादात एक ओढ असते, आणि ‘होऊ दे’ असं मन म्हणतं तेव्हा अंदाजही तिकडेच झुकतो. आमच्या जमातीत त्याला ‘विशकास्टिंग’ म्हणून चिडवतात. पण मी बघायचं थांबवलं तर वादळ थांबणार नाही. त्या रात्री टेनेसीतल्या माझ्या मावसबहिणीला मी दोनदा फोन करून उठवलं, दुसऱ्यांदा ती वैतागली. तिच्याकडे काही झालं नाही. पुढच्या वेळीही उठवीन. ‘सुंदर’ हा शब्द तेवढा त्या ग्रुपवर मी पुन्हा वापरलेला नाही.

तीन छोटे प्रश्न, तीन छोटी उत्तरं. दाब सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघडायच्या का? नाही, तो जुना समज आहे. तेवढा वेळ आतल्या खोलीत जायला वापरा. भोंगा घरात ऐकू येत नाही, तक्रार कुठे करू? कुठेच नको, भोंगा बाहेर असलेल्यांसाठीच असतो, झोपलेल्यांसाठी हवामान रेडिओ घ्या. हायवेवर असताना पुलाखाली थांबावं का? मुळीच नाही, तिथे वारा आणखी जोराने घुसतो.

आणि इयत्ता सहावीतल्या एका वाचकाचं पत्र, हंट्सव्हिलचंच: मला वादळाच्या रात्री जागून रडार बघायचंय. आई नको म्हणते. तुम्ही तिला सांगाल का?

आईच्या विरुद्ध मी जाणार नाही, ती मंडळात मला भेटते. पण तडजोड सुचवते. संध्याकाळी 7 चा नकाशा दोघांनी मिळून बघा आणि वॉच किती वाजेपर्यंत आहे ते कागदावर लिहून फ्रिजवर लाव. मग तुझं काम: सायकलचं हेल्मेट, बूट आणि मोजे तुमच्या जिन्याखालच्या कपाटात ठेवायचे, सगळ्यांचे, आईचे पण. पायाखाली फुटक्या काचा असतील तेव्हा बूट शोधत बसता येत नाही. रेडिओत नव्या बॅटऱ्या घाल, आपली काउंटी निवडलीय ना ते तपास, आणि झोप. तो वाजला की तू उठशीलच, तो आवाज मेलेल्यालाही उठवेल. कपाटात गेल्यावर मांडीवर फोन घेऊन रडार बघायला आईची हरकत नसावी. तिथे वळणाचं टोक कुठे आहे ते तूच तिला दाखव.