तेरा इलेक्ट्रॉन काढलेला आर्गन

प्रश्न : कुर्ल्यात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगला आम्ही आर्गन वेल्डिंग करतो. कॉलेजात शिकणारी भाची म्हणते, जर्मनीत आर्गनचंच घड्याळ केलंय आणि निसर्गातले स्थिरांक बदलतात का, ते त्यावर बघणार आहेत. जो वायू कशाशी संयोगच करत नाही, त्याचं घड्याळ कसं होणार?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : भाचीची माहिती बरोबर आहे. आर्गनच्या अणूत 18 इलेक्ट्रॉन. तुमच्या वेल्डिंगच्या आर्कमध्ये त्यातला एखाद-दुसरा सुटतो. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या पीटीबी या राष्ट्रीय मापन संस्थेतल्या घड्याळात तेरा काढलेला आर्गन आहे. पहिला सोडवायला साधारण 16 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं एकक) पुरतात, तेराव्याला 686 लागतात! उरलेल्या पाचांना अणुकेंद्रक इतकं घट्ट धरतं की बाहेरच्या विद्युतक्षेत्राची ढवळाढवळ त्यांना फारशी जाणवत नाही. घड्याळाला नेमकं हेच हवं असतं. हा आयन (इलेक्ट्रॉन काढलेला अणू) 441 नॅनोमीटरच्या जांभळट निळ्या प्रकाशाला अचूक प्रतिसाद देतो, आणि त्या प्रकाशाची कंपनं मोजायची.

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, पण पुढची युक्ती वाचून हरखून गेलो. हा आयन जन्मतो तो लाखो अंश तापलेला, आणि लेसरने थेट थंड होत नाही. म्हणून त्याच्या शेजारी बेरिलियमचा आयन ठेवतात. लेसरने बेरिलियम गारठतो आणि दोघांमधल्या विद्युत प्रतिकर्षणामुळे आर्गनलाही गारठवतो. आर्गनचं उत्तरसुद्धा बेरिलियमकडूनच वाचतात. 2020 मध्ये हे जमलं, 2022 मध्ये घड्याळ झालं.

आता स्थिरांक. विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणारा आल्फा म्हणजे जवळजवळ 1/137. तो सरकला, तर वेगवेगळ्या आयनांची कंपनं वेगवेगळ्या प्रमाणात सरकतील. म्हणून दोन निराळी घड्याळं शेजारी ठेवून त्यांचं गुणोत्तर वर्षानुवर्षं तपासायचं. शंका जुनी आहे. 1937 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक यांनी गुरुत्व स्थिरांकाबद्दल ती मांडली होती. 2004 मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर दूरच्या क्वेसारांच्या (दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांच्या) प्रकाशात आल्फा तपासला, तेव्हा बदल आढळला नाही.

भाचीला एवढं मात्र सांगा : आल्फाच्या बदलाला आर्गन फार संवेदनशील नाही, त्याच्यावर पद्धत सिद्ध झाली. खरी आशा आहे ती 15 किंवा 17 इलेक्ट्रॉन काढलेल्या कॅलिफोर्नियम या मूलद्रव्यावर. गणितानुसार तो कित्येक पट संवेदनशील, पण किरणोत्सारी आणि दुर्मीळ, त्यामुळे अगदी कणभर नमुन्यावर काम करावं लागतं. तोवर सर्वांत कडक मर्यादा यटर्बियमच्या घड्याळांनी घातली आहे : आल्फा बदलत असलाच, तर वर्षाला 10¹⁸ मध्ये एका भागाहूनही कमी.