वाचकांचे प्रश्न : वजन उचलताना दुखावलेला खांदा

प्रश्न : माझे वय 34 आहे. चार महिन्यांपूर्वी 90 किलोचे बेंच प्रेस (बाकावर उताणे झोपून बार वर ढकलण्याचा व्यायाम) करताना, शेवटच्या सेटमध्ये बार छातीवरून वर नेत असताना, उजव्या खांद्यात जोराची कळ आली. वेदनाशामक गोळ्या घेऊन आठवडाभर व्यायाम चालू ठेवला. दुखणे वाढल्यावर मात्र सहा आठवडे पूर्ण विश्रांती घेतली. बरे वाटू लागले म्हणून 70 किलोने पुन्हा सुरुवात केली, तर तिसऱ्याच दिवशी दुखणे उलटले. आता हात बाजूने वर नेताना अर्ध्या वाटेत कळ येते आणि उजव्या कुशीवर झोपता येत नाही. एमआरआयच्या अहवालात रोटेटर कफचा, म्हणजे खांद्याभोवतीच्या स्नायूंचा, एक स्नायुबंध अर्धवट फाटल्याचे लिहिले आहे. शस्त्रक्रिया करावी लागेल का? आणि मला पुन्हा वजन उचलता येईल का?

उत्तर : अहवालातील ‘फाटला’ या शब्दाने आपण धास्तावला असाल, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. ज्यांचा खांदा कधीच दुखलेला नाही अशा अनेकांच्या एमआरआयमध्येही स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) झिजल्याच्या किंवा थोडे फाटल्याच्या खुणा आढळतात, आणि वयानुसार त्यांचे प्रमाण वाढत जाते. त्यामुळे निर्णय केवळ चित्रावरून घ्यायचा नसतो. हात किती वर जातो, त्यात ताकद किती आहे आणि कळ नेमकी कोठे येते, हे प्रत्यक्ष तपासूनच तो घ्यावा लागतो.

खांद्याची खोबण उथळ असते आणि दंडाच्या हाडाचा गोळा तिच्या मानाने बराच मोठा असतो. म्हणूनच हात चहूकडे फिरतो. पण त्या गोळ्याला जागेवर धरून ठेवण्याची जबाबदारी हाडांपेक्षा रोटेटर कफच्या चार लहान स्नायूंवर अधिक पडते. यांपैकी सर्वांत वरचा स्नायुबंध खांद्याच्या टोकावरील हाडाच्या खालून जातो आणि बहुधा तोच दुखावतो. हात साधारण 60 ते 120 अंशांच्या टप्प्यात असताना त्याच्यावर सर्वाधिक ताण येतो, आणि आपली ‘अर्ध्या वाटेतील’ कळ नेमकी तेथलीच दिसते.

आता आपल्या चुकीकडे वळतो, कारण ती फार जण करतात. सहा आठवडे आपण विश्रांती घेतली, दुखणे शमले, आणि दुखणे शमले म्हणजे खांदा बरा झाला असे आपण धरून चाललात. स्नायूच्या मानाने स्नायुबंधाला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे तो सावकाश भरून येतो. शिवाय भार मिळाला नाही तर त्याची भार पेलण्याची क्षमता आणखी घटते. म्हणजे विश्रांतीनंतर आपला खांदा कमी दुखत होता, पण पूर्वीपेक्षा दुबळा होता, आणि त्याच खांद्यावर आपण 70 किलो घातले. वेदनाशामक गोळी घेऊन व्यायाम करणे तर मला त्याहून धोक्याचे वाटते, कारण थांबण्याची सूचना देणारी खूणच त्यामुळे झाकली जाते.

शस्त्रक्रियेविषयी माझे मत स्पष्ट आहे : अर्धवट फाटलेल्या स्नायुबंधासाठी आधी निदान 12 आठवडे देखरेखीखालील व्यायामोपचार व्हायलाच हवा. खांद्याच्या टोकाचे हाड तासून जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया पूर्वी सर्रास होत असे. ब्रिटनमध्ये 313 रुग्णांवर झालेल्या आणि 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हाड तासलेल्या रुग्णांना नुसती दुर्बिणीने पाहणी केलेल्या रुग्णांपेक्षा लक्षणीय असा अधिक लाभ झाला नाही. त्या रुग्णांचे स्नायुबंध अखंड होते, त्यामुळे तो निष्कर्ष आपल्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण घाई करू नये एवढे त्यातून निश्चित समजते. मात्र दुखापतीच्या क्षणी ‘कट्’ असा आवाज येऊन हात उचलताच येईनासा झाला, दंडावर किंवा छातीवर काळेनिळे पडले, काखेपुढचा स्नायू गोळा होऊन तेथे खळगा दिसू लागला किंवा हाताला बधिरपणा आला, तर व्यायामाची वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञांकडे लगेच जावे.

व्यायामाची सुरुवात अगदी साधी असते. भिंतीला उजवी बाजू लावून उभे राहावे, कोपर काटकोनात वाकवून बरगडीशी ठेवावे आणि हाताच्या मागच्या बाजूने भिंत बाहेर ढकलावी. भिंत हलणार नाही, हातही हलणार नाही, पण स्नायू काम करील. असे 30 ते 45 सेकंद, चार-पाच वेळा. दुखणे आटोक्यात आले की हलका रबर बँड धरून पुढचा हात बाहेरच्या दिशेने वळवावा, 15 वेळा, तीन सेट. हे करताना कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये छोट्या टॉवेलची वळकटी ठेवावी. ती खाली पडली की कोपर सुटले आणि दुसरेच स्नायू काम करू लागले, असे समजावे. माझ्याकडे येणाऱ्या ताकदवान मंडळींना हा बँड फार किरकोळ वाटतो, आणि दहाव्या वेळेला त्यांचाच हात थरथरू लागतो. याच्या जोडीला फऱ्याला स्थिर ठेवणाऱ्या स्नायूंसाठी रोइंग (वजन किंवा बँड स्वतःकडे ओढण्याचा व्यायाम) आणि भिंतीवरचे पुश-अप्स करावेत.

किती दुखले तर चालेल? शून्य ते दहा या मापावर तीनपर्यंतचे दुखणे चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वपदावर आले पाहिजे. रात्री ठणका लागून झोपमोड झाली, तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला होता.

हात डोक्यावर विनासायास जाऊ लागला आणि दोन्ही खांद्यांची ताकद जवळपास सारखी झाली, की बेंचऐवजी जमिनीवर झोपून, तळवे समोरासमोर ठेवून डंबेल प्रेस करावा. जमीन कोपराला खाली जाऊ देत नाही, त्यामुळे दुखऱ्या टप्प्यात खांदा ताणला जात नाही. कोपरे धडापासून 90 अंशांत फाकवू नयेत, 45 अंशांच्या आसपास ठेवावीत. वजन पूर्वीच्या निम्म्याहून कमी असावे आणि आठवड्याला पाच ते दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये. मानेमागून करण्याचा प्रेस आपण कायमचा सोडला तरी काही बिघडणार नाही. बेंच प्रेस मात्र बहुतेकांना पुन्हा करता येतो. आपल्यालाही येईल असे मला वाटते, पण त्याला सहा महिने लागू शकतात.

प्रश्न : मी 27 वर्षांची आहे. मला कोणतीही दुखापत झालेली नाही, पण डिप्स (दांड्यांवर हात टेकून शरीर खाली-वर करण्याचा व्यायाम) आणि बेंच प्रेस करताना खांद्याच्या अगदी वर, गळ्याजवळचे हाड जेथे संपते तेथे दुखते. हाही रोटेटर कफचाच त्रास आहे का?

उत्तर : तसे वाटत नाही. दुखरा हात छातीवरून दुसऱ्या खांद्याकडे नेल्यावर त्याच जागी कळ येत असेल, तर त्या हाडाचे बाहेरचे टोक वारंवारच्या भाराने झिजत असण्याची शक्यता आहे. वजन उचलणाऱ्यांत हा त्रास परिचित आहे. एक्स-रे काढून खात्री करून घ्यावी. डिप्स पूर्णपणे थांबवावेत. बेंच प्रेसही काही महिने बंद ठेवून, नंतर बार छातीपासून चार बोटे वरच थांबेल अशा बेताने सुरू करावा. पायांचे आणि पाठीचे जे व्यायाम न दुखता होतात, ते चालू ठेवण्यास हरकत नाही.