लो टाकायचा तो चढाच्या पायथ्याशीच

मे लागला की या सदराची टपाल पेटी बदलते. एरवी मायलेज, टायर, इन्शुरन्स. मेमध्ये फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाड्या. या वेळी निवडलेले चारही प्रश्न लो रेंजभोवतीच, म्हणजे या गाड्यांच्या कमी वेगाच्या, जास्त ओढीच्या गिअरभोवतीच फिरतात. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण त्याचं उत्तर कळलं की बाकीची अर्धी सुटतात.

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमची आंब्याची बाग आहे, सड्याखालच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराखालच्या, उतारावर. बागेतून रस्त्याला यायला जांभ्याची कच्ची घाटी, तिला दोन आवळ वळणं, आणि शेवटी ग्रामपंचायतीने केलेला काँक्रीटचा खडा चढ. पिकअप फोर बाय फोर आहे. पेट्या भरल्या की फोर हाय (चारही चाकं, पण नेहमीचे गिअर) लावून पहिल्या गिअरमध्ये चढवतो, तरी क्लच प्लेट पुन्हा गेली. ड्रायव्हर म्हणतो, लो गाडी रुतल्यावरच टाकायचा, नाहीतर गिअरबॉक्स फुटतो. खरं काय?

उत्तर : ड्रायव्हरचं म्हणणं नेमकं उलटं आहे. चढ चढायला लो हवा, आणि रुतलेल्या गाडीला तो जपून द्यावा लागतो.

फोर हाय लावल्याने गाडीची ताकद वाढत नाही. मागच्या दोन चाकांना जाणारी ओढ चार चाकांत वाटली जाते, पकड सुधारते, बस्स. पहिल्या गिअरचा वेग तोच राहतो. भरलेली पिकअप आवळ वळणावर त्या वेगाने नेता येत नाही, म्हणून ड्रायव्हर हाफ क्लचवर येतो. इंजिन जोरात फिरतंय, चाकं हळू, आणि मधला फरक क्लच प्लेट स्वतः घासून भरून काढते. वळणावर जळका वास येत असेल तर तो तिचाच. नवी प्लेट कितीही भारीतली टाका, तीही जाणार.

लो लावला की ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्समधून आलेली ओढ पुढच्या-मागच्या एक्सलकडे वाटणाऱ्या पेटीत, आणखी एक गिअरची जोडी मध्ये येते. थारमध्ये तिचं प्रमाण 2.48 ला 1 आहे, जिम्नीत साधारण 2 ला 1. थारचंच उदाहरण घ्या : ज्या आरपीएमला पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी 10 किलोमीटर जाते, त्याच आरपीएमला लोमध्ये ती 4 जाईल आणि चाकावरची ओढ जवळपास अडीचपट होईल. ताशी 4 म्हणजे माणूस चालतो तो वेग. आता क्लचवरून पाय पूर्ण काढून वळण घेता येतं. तुमचे पैसे वाचणार ते इथे.

लो टाकायचा तो घाटीच्या पायथ्याशी, सपाटीवर, गाडी थांबवून. क्लच पूर्ण दाबा, ब्रेक दाबून ठेवा, मग फोर बाय फोरचा लिव्हर किंवा नॉब लोवर घ्या. ब्रेकचं मुद्दाम सांगतोय. लिव्हर फोर हायवरून लोकडे जाताना मध्ये न्यूट्रल लागतो. तो लिव्हरवर लिहिलेला असो-नसो, त्या क्षणी गिअरबॉक्सचा चाकांशी संबंध तुटलेला असतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे म्हणून थांबेल, या भरवशावर चढात मध्येच कुणी हे केलं, तर भरलेली पिकअप मागे सुटते. नॉबवाल्या गाडीत दिवा लुकलुकत राहिला तर दात जुळलेले नाहीत. गाडी फूटभर पुढे जाऊ द्या.

भरलेली गाडी असेल तर लो पहिला, म्हणजे लो लावून पहिला गिअर; रिकामी असेल तर लो दुसरा. एकदा निघालात की घाटी संपेपर्यंत गिअर बदलायचा नाही. या वेगाला गाडीत जोर साठलेला नसतो, क्लच दाबला की ती जागच्या जागी थांबते.

आता गिअरबॉक्स फुटण्याबद्दल. गिअरबॉक्स ट्रान्सफर केसच्या आधी असतो, त्यामुळे लोचा वाढीव ताण त्याच्यावर येतच नाही. तो येतो पुढे : प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस, क्राउन-पिनियन, एक्सल. गाडी चिखलात रुतली, ड्रायव्हरने लो पहिला टाकून दाबून रेस दिली, चाक भरारा फिरलं आणि अचानक खालच्या दगडाला चिकटलं, की यातलं एक काहीतरी तुटतं. गॅरेजवाले जे ‘लोने फुटलं’ म्हणतात ते हे. अशा वेळी आधी चाकापुढची माती काढा, टायरची हवा थोडी कमी करा, आणि लो दुसऱ्यात हलक्या पायाने निघा. जूनमध्ये जांभ्यावर शेवाळ धरलं की चढतानाही, गाडी ओढत असेल तर, दुसराच बरा. पहिल्यात ओढ इतकी असते की चाक पकडण्याआधीच फिरतं.

राहिला काँक्रीटचा चढ. तुमच्यासारख्या पिकअपमध्ये पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मधोमध डिफरन्शियल, म्हणजे दोन्हींच्या वेगातला फरक सामावून घेणारी गिअरची जोडणी, नसतो. लो किंवा फोर हाय लावला की दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने बांधले जातात. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. कच्च्या रस्त्यावर टायर किंचित घसरून तो फरक भागवतात, कोरड्या काँक्रीटवर ते घसरत नाहीत, आणि शाफ्टमध्ये पीळ साठतो. चढ सरळ असेल तर लोमध्येच वर या. वर आल्यावर स्टिअरिंग वळवायच्या आधी थांबा आणि टू हाय करा, म्हणजे ओढ पुन्हा फक्त मागच्या चाकांना.

प्रश्न : माझी जिम्नी ऑटोमॅटिक आहे. गिअर लिव्हरवर ‘एल’ लिहिलंय आणि बाजूच्या छोट्या लिव्हरवर ‘फोर एल’. दोन्ही एकच का? पानशेतच्या बाजूला एका मातीच्या उतारावर एल लावूनही गाडी पळत होती. — वाचक, पुणे

उत्तर : एकच नाहीत. मोठ्या लिव्हरचा एल गाडीला पहिल्या गिअरमध्ये अडकवून ठेवतो. फोर एल ट्रान्सफर केसचा. उतारावर गाडी खरी धरतात ते दोन्ही मिळून. वरच, सपाटीला थांबा, ब्रेक दाबून मोठा लिव्हर एनला घ्या, छोटा फोर एलला खाली, मग मोठा एलवर. उतारावर अ‍ॅक्सिलेटरवरून पाय काढलात की इंजिन गाडी रोखून धरेल. ब्रेक लागलाच तर हलका, चाक लॉक होऊ न देता. उतारात मध्येच लिव्हरला हात लावायचा नाही, कारण वर सांगितलेला तो न्यूट्रल इथेही आहे.

प्रश्न : शेतातून लोमध्ये निघालो आणि विसरून तसाच डांबरी रस्त्यावर, वळणं घेत घरी आलो. आता लिव्हर लोमधून निघतच नाही. गॅरेजवाला ट्रान्सफर केस उघडायचं म्हणतो. — वाचक, वाई

उत्तर : अजून उघडू नका. डांबरावर वळल्यामुळे शाफ्टमध्ये पीळ साठलाय, त्या ताणाने दात एकमेकांना धरून बसलेत. स्टिअरिंग अगदी सरळ ठेवा, रिव्हर्समध्ये गाडी काही मीटर मागे घ्या, थांबा, क्लच दाबून लिव्हर ओढा. नाही निघाला तर पुन्हा शेतातल्या मातीत न्या आणि तेच करा. लिव्हरवर जोर लावू नका, पाय तर अजिबात देऊ नका. बहुतेक वेळा एवढ्याने काम होतं. यानंतरही अडला, किंवा चालताना खडखड येत असेल, तरच उघडण्याचा विषय.

प्रश्न : जुनी जीप आहे, पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब, म्हणजे चाक एक्सलला जोडायचे-सोडायचे खटके. पावसाळ्यात व्हाळ (ओढा) ओलांडायचा असतो. हब दर वेळी लॉक करायलाच हवेत का? आणि पाण्यात लो की हाय? — वाचक, कुडाळ

उत्तर : हवेतच, आणि पाण्यात उतरायच्या आधी, नाहीतर नंतर कमरेएवढ्या गढूळ पाण्यात वाकून हब शोधत बसाल. हब मोकळे ठेवून लो लावला तर लोची सगळी ओढ एकट्या मागच्या एक्सलवर जाते. रिकामी जीप कोरड्या अंगणात रिव्हर्स लावायला काही जण मुद्दाम असं करतात, आणि हलक्या पायाने ते चालूनही जातं. व्हाळातल्या गोट्यांवर तेच केलंत तर मागचा एक्सल मोडेल.

पाण्यात लो दुसरा, एकसारखी रेस, मध्ये क्लच नाही. पाणी गढूळ असेल तर आधी काठी घेऊन चालत जा. तुम्हाला उभं राहता येत नसेल तर जीपही नेऊ नका. तापलेल्या हौसिंगला, म्हणजे एक्सलच्या लोखंडी कवचाला, थंड पाणी लागलं की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायचं भोक) बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून पलीकडे गेल्यावर नाही तरी घरी आल्यावर, दोन्ही हौसिंगचे आणि ट्रान्सफर केसचे नट सैल करून तेल बघा. दुधट दिसलं तर जीप हलवण्याआधी तेल बदला.